नाण्यावरचा चेहरा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ साली रिझर्व्ह बँकेने खास नोटा काढल्या होत्या. बसलेले गांधीजी आणि त्यांच्यामागे सेवाग्रामचा आश्रम, असे त्या नोटांवरचे चित्र होते. आपल्या वर्ध्यापासून काही किलोमीटरवर असलेली ती मातीच्या भिंतींची, कवेलूंची कुटी त्या वर्षी देशभरातल्या खिशाखिशांत जाऊन पोचली. अनेकांना ती नोट आठवत असेल. एखाद्या घरात जुन्या पेटीच्या तळाशी ती अजूनही जपून ठेवलेली असेल.

पैशावर कोणाचे चित्र असावे, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. भाजीवाल्याला नोट देताना आपण तिच्यावरचा आकडा बघतो, चेहरा बघत नाही. पण तो चेहरा तिथे उगाच आलेला नसतो. माझ्या आजीच्या संग्रही राणीछाप रुपये होते. ती त्यांना ‘कलदार’ म्हणायची. ज्या राणीचा चेहरा त्या रुपयावर होता, ती विक्टोरिया राणी आयुष्यात एकदाही हिंदुस्थानात आली नाही. आजीने तिचे नाव नीट कधी घेतले नाही, राज्य कुठले हेही तिला ठाऊक नव्हते. पण छाप ओळखीची होती. छाप ओळखीची म्हणून चांदी खरी, असा सरळ हिशेब होता.

त्याच्याही आधीची गोष्ट आपल्या दागिन्यांत आहे. पुतळ्यांची माळ आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ‘पुतळी’ हे मुळात इटलीतल्या व्हेनिस शहराचे सोन्याचे नाणे. त्यावर संत मार्कसमोर गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख दाखवलेला असे. आपल्या बायकांनी त्यात माणसाची आकृती पाहिली, तिला पुतळी म्हटले आणि गळ्यात घातली. व्हेनिसचे ते राज्य १७९७ साली संपले. पुतळी मात्र अजून लग्नात मिरवते आहे.

परक्या देशाच्या राजाचा चेहरा धातूवर बसून आपल्याकडे येतो, इथे रुळतो, आणि मग इथले राजे त्याचे काय करतात, ही गोष्ट फार जुनी आहे. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची. ती सुरू होते रोममध्ये, रंगते नाशिकला आणि तिचे एक टोक आपल्या पवनारपर्यंत येते. आज ती सांगायची आहे.

सम्राटाचा मुखवटा

रोमच्या चांदीच्या नाण्याला देनारियस म्हणत. वजन चार ग्रॅमहून थोडे कमी, आकार साधारण आपल्या जुन्या पावलीएवढा. आरंभीच्या काळात रोमन नाण्यांवर देवदेवता असत, किंवा दिवंगत पूर्वज असत. जिवंत माणसाने आपला चेहरा नाण्यावर छापणे हा तिथे उद्धटपणा मानला जाई. तो संकेत मोडला ज्युलियस सीझरने. इसवी सनापूर्वी ४४ या वर्षी रोमच्या नाण्यावर त्याचा चेहरा आला, आणि त्याच वर्षी मार्च महिन्यात त्याचा खून झाला. राजा व्हायला निघालेला माणूस अशी त्याच्याविषयीची जी शंका होती, तिला अशा गोष्टींनी खतपाणीच घातले होते.

त्याचा दत्तक वारस ऑगस्टस पुढे रोमचा पहिला सम्राट झाला. तो धोरणी होता. स्वतःला राजा म्हणवून घ्यायचे त्याने टाळले, पण नाण्यावरचा चेहरा सोडला नाही. त्याचे एक नाणे आपल्या देशात फार सापडते. दर्शनी बाजूला सम्राटाचे मस्तक, त्यावर विजयाचे प्रतीक असलेल्या लॉरेलच्या पानांचा मुकुट. भोवती लॅटिन अक्षरे: सीझर ऑगस्टस, देवाचा पुत्र, पितृभूमीचा पिता. ‘देवाचा पुत्र’ अशासाठी, की खुनानंतर ज्युलियस सीझरला देवपद दिले गेले होते. नाणे उलटे केले की दोन तरुण ढाल-भाले घेऊन उभे दिसतात. हे गायस आणि लुसियस, ऑगस्टसच्या मुलीची मुले. आजोबांनी त्यांना दत्तक घेतले होते.

आता बघा, तळहातावर मावणाऱ्या एवढ्याशा चांदीत किती गोष्टी सांगितल्या आहेत. सत्ता कोणाची, तिला आधार कोणत्या देवाचा, आणि उद्याचे वारस कोण. त्या काळी वर्तमानपत्र नव्हते, आकाशवाणी नव्हती. साम्राज्याच्या टोकाला असलेल्या शिपायापर्यंत आणि शेतकऱ्यापर्यंत नेमाने पोचणारी वस्तू एकच, ती म्हणजे पगाराचे आणि कराचे नाणे. राज्यकर्त्याने आपला निरोप त्याच्यावरच लिहिला.

त्या निरोपाचे नशीब मात्र वेगळे होते. लुसियस इसवी सन २ मध्ये वारला आणि गायस इसवी सन ४ मध्ये. दोन्ही वारस गेले. नाणी मात्र फिरतच राहिली. समुद्र ओलांडून हिंदुस्थानात आलेल्या कितीतरी नाण्यांवर ते दोघे राजपुत्र आजही ढाली टेकून उभे आहेत.

ऑगस्टसनंतर आलेल्या टायबेरियसचे नाणेही आपल्याकडे पुष्कळ सापडते. त्यावर एका बाजूला त्याचे मस्तक आणि दुसऱ्या बाजूला राजदंड व फांदी घेऊन बसलेली स्त्री. सोबत ‘मुख्य पुरोहित’ ही सम्राटाची पदवी. कर भरावा की भरू नये, असे विचारणाऱ्यांना येशू ख्रिस्ताने एक नाणे मागून त्यावरची प्रतिमा कोणाची, असे उलट विचारल्याची कथा बायबलमध्ये आहे. ते नाणे हेच असावे, असे पुष्कळ जण मानतात.

चांदी आली, चेहरा गेला

ही नाणी आपल्याकडे आली कशी? मोसमी वाऱ्यांवर. इजिप्तमधल्या तांबड्या समुद्राच्या बंदरांतून जहाजे उन्हाळ्याच्या अखेरीस निघत आणि नैर्ऋत्य वाऱ्याच्या जोरावर आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागत. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने या प्रवासाची माहितीपुस्तिका लिहून ठेवली आहे. ‘पेरिप्लस’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. भडोच बंदरात येणाऱ्या मालाच्या यादीत तो रोमन सोन्याचांदीच्या नाण्यांचा स्पष्ट उल्लेख करतो, आणि स्थानिक नाण्यांशी त्यांची अदलाबदल केली तर नफा होतो, असेही नमूद करतो. भडोचला माल कुठून येतो, तर पैठणहून आणि तगरहून, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरहून. पैठणचे मौल्यवान दगड, तेरचे कापड. वाटा खडतर, गाड्यांवर माल लादून आणावा लागतो, हेही त्याने लिहिले आहे.

त्याच काळात रोममध्ये प्लिनी नावाचा लेखक तक्रार करत होता, की हिंदुस्थान दरवर्षी आपल्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. चार सेस्टर्सचा एक देनारियस. प्लिनीचा आकडा काटेकोर मानायचे कारण नाही, पण बायकांच्या हौसेपायी देशाचा पैसा बाहेर चालला, ही कुरकुर तेव्हाही होती एवढे नक्की.

आता गंमत अशी, की रोमन चांदीच्या नाण्यांचे मोठे साठे सापडतात ते मुख्यतः दक्षिणेत. कोइमतूर-करूरच्या पट्ट्यात, आंध्र-तेलंगणात. नलगोंडा जिल्ह्यातल्या अक्कनपल्ली येथे एकाच ठिकाणी दीड हजारांवर देनारियस मिळाले. महाराष्ट्रात आणि गुजरातेत, जिथे ही चांदी येत होती असे पेरिप्लस सांगतो, तिथे मात्र ती नाणी तुलनेने फारच थोडी. मग ती गेली कुठे?

अनेक अभ्यासकांचा तर्क असा, की ती इथल्या टांकसाळीच्या मुशीत गेली. दक्षिणेत नाणी आहेत तशीच वापरली किंवा साठवली गेली. इकडे पश्चिमेत मात्र राज्यकर्त्याला स्वतःचे चांदीचे नाणे काढायचे होते आणि आपल्या देशात चांदीच्या खाणी थोड्या. त्यामुळे परदेशी नाणे म्हणजे आयती चांदी. सम्राटाचा चेहरा, त्याचे देवत्व, त्याचे वारस, सगळे एका आचेवर वितळले. त्या चांदीवर पुढे जो चेहरा उमटला, तो नहपानाचा.

क्षत्रपाचे रूप

नहपान हा क्षहरात कुळातला शक क्षत्रप. गुजरातपासून नाशिक, जुन्नर, कार्ल्यापर्यंत त्याची सत्ता होती. त्याचा काळ पहिल्या शतकाचा उत्तरार्ध की दुसऱ्याचा आरंभ, यावर विद्वानांत वाद आहे. पेरिप्लसमध्ये भडोचकडच्या राजाचे जे नाव येते, ते त्याचेच असे बहुतेक जण मानतात.

त्याच्या आधी आपल्या देशाचे स्वतःचे चांदीचे नाणे होतेच. त्यांना आहत नाणी म्हणतात. चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापायचे, वजन जुळवायचे आणि त्यावर सूर्य, डोंगर, झाड, प्राणी अशी चिन्हे एकेक करून ठोकायची. त्यावर ना राजाचे नाव, ना चेहरा. कित्येक शतके सगळा देश अशा अनामिक नाण्यांवर व्यवहार करत होता. राजाचा मुखवटा आणि नाव नाण्यावर टाकण्याची रीत वायव्येकडून ग्रीक राजांनी आणली. बौद्ध ग्रंथात मिलिंद म्हणून प्रसिद्ध असलेला मिनँडर त्यांतलाच. त्याची जुनी नाणी आपल्या काळातही भडोचला चालतात, असे पेरिप्लसकार सांगतो.

नहपानाचे नाणे या दोन्ही परंपरांवर उभे आहे. वजन सव्वादोन ग्रॅमच्या आसपास. तीन देनारियस वितळवले तर अशी साधारण पाच नाणी पडावीत. एका बाजूला राजाचे मस्तक, उजवीकडे पाहणारे, रोमन नाण्यावर असते तसे. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. आणि लेख तीन लिप्यांत: ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी. ब्राह्मी इथल्या लोकांसाठी, खरोष्ठी वायव्येकडच्या परंपरेतून आलेली, आणि ग्रीक अक्षरे समुद्रापलीकडून येणाऱ्या व्यापाऱ्याला ओळखीची वाटावीत म्हणून. भाषा मात्र ग्रीक नव्हेच, आपली प्राकृतच ग्रीक अक्षरांत लिहिलेली. पुढच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर तर ही ग्रीक अक्षरे इतकी बिघडली, की नुसती रेघोट्यांची नक्षी उरली. वाचता कोणालाच येत नव्हती, पण काढून टाकायची हिंमतही कोणी केली नाही. छाप बदलली तर नाणे खोटे वाटेल, ही भीती. माझ्या आजीचा हिशेब तोच होता.

या एका नाण्यात काय येत होते, तेही आपल्याला ठाऊक आहे. नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यात कोरून ठेवलेला लेख अजून जागेवर आहे. लेण्यात राहणाऱ्या भिक्खूंसाठी त्याने ३,००० कार्षापण, म्हणजे चांदीची नाणी, गोवर्धन येथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवली. २,००० वर महिना शेकडा एक व्याज आणि १,००० वर शेकडा पाऊण. पहिल्या रकमेच्या व्याजातून वर्षावासाच्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यायचे. हिशेब करून पाहा. वर्षाला २४० व्याज, वीस जणांना बारा. पैचा फरक नाही. त्याच लेखात ३५ कार्षापणांना एक सुवर्ण, असा भावही दिला आहे. विणकरांची श्रेणी म्हणजे जणू आजची सहकारी पतसंस्था. तिच्याकडे राजाच्या जावयाने विश्वासाने ठेव ठेवली, आणि कराराची नोंद दगडावर केली.

जोगळटेंभीचा साठा

आता मुख्य प्रसंगाकडे येऊ. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात गोदावरीकाठच्या जोगळटेंभी या गावी चांदीच्या नाण्यांचा एक प्रचंड साठा उघडकीला आला. रेव्हरंड स्कॉट यांनी त्याचा अभ्यास केला. नाणी भरली १३,२५० च्या वर. सगळी नहपानाची. पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसरा एक ठसा मारलेला होता. तीन कमानींचा डोंगर, ज्याला चैत्य म्हणतात, खाली नागमोडी रेघ, आणि भोवती ब्राह्मीत: राजा गौतमीपुत्र श्री सातकर्णी याचे. दुसऱ्या बाजूला चार वर्तुळे जोडलेला क्रूस, ज्याला उज्जयिनी चिन्ह म्हणतात.

सातवाहन राजा गौतमीपुत्राने नहपानाचा पाडाव केला, हे नाशिकच्याच लेण्यातल्या दुसऱ्या लेखावरून माहीत होते. त्याची आई गौतमी बलश्री हिने आपल्या मुलाची थोरवी तिथे कोरून घेतली आहे. क्षहरात वंशाचा त्याने निःशेष उच्छेद केला, असे ती म्हणते. पण आईने केलेले कौतुक आणि खरा इतिहास यांत अंतर असू शकते. जोगळटेंभीच्या नाण्यांनी ते अंतर मिटवले. जेत्याचा ठसा जिंकलेल्याच्या चेहऱ्यावर प्रत्यक्ष पडलेला हातात आला.

ही नाणी नुसती पाहावीत. ठसा नेहमी बरोबर मधोमध बसलेला नाही. डोंगराच्या एका कमानीखालून नहपानाचे नाक डोकावते. कुठे कान शिल्लक आहे, कुठे डोक्यावरची पट्टी. ‘गोतमिपुतस’ या अक्षरांच्या मधून ग्रीक अक्षरांचे अवशेष दिसतात.

गौतमीपुत्राला ही नाणी वितळवता आली असती. त्याने तसे केले नाही. नाणी वितळवायला वेळ लागतो, सरपण लागते, थोडी चांदी जळून जाते. आणि बाजार तोवर थांबत नाही. विणकरांची ठेव, भिक्खूंचे चीवर, गाडीवानाचे भाडे, सगळे याच नाण्यांत ठरलेले. म्हणून त्याने चांदी तशीच ठेवली, वजन तसेच ठेवले, फक्त मालक बदलल्याची खूण केली. जमिनीच्या बाबतीतही त्याने असेच केले. विजयानंतर काढलेल्या एका आज्ञेत, आजवर उषवदाताच्या ताब्यात असलेले शेत आता आपण भिक्खूंना देत आहोत, असे तो म्हणतो. शेत तेच, लाभार्थीही भिक्खूच, दाता नवा.

इथे विदर्भाचा एक धागा आहे. गौतमीपुत्राला नाशिकच्या लेखात ‘बेणाकटकाचा स्वामी’ म्हटले आहे. आपले थोर संशोधक महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी बेणा म्हणजे वैनगंगा, आणि बेणाकटक म्हणजे तिच्या काठचा प्रदेश, असे मत मांडले. ते खरे धरले, तर नहपानाच्या चेहऱ्यावर पडलेला तो घाव विदर्भातून उचललेला होता.

विदर्भात हत्ती

यानंतर एक नवल घडले. ज्या घराण्याने नहपानाचा चेहरा ठशाखाली दडपला, त्याच घराण्याने पुढे स्वतःचे मुखवट्याचे चांदीचे नाणे काढले. गौतमीपुत्राचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी आणि नंतरचा यज्ञ सातकर्णी यांची अशी नाणी प्रसिद्ध आहेत. एका बाजूला राजाचे मस्तक आणि प्राकृतात नाव. दुसऱ्या बाजूला तेच नाव, पण दाक्षिणात्य वळणाच्या बोलीत. उत्तरेचा आणि दक्षिणेचा, दोन्ही गिऱ्हाईकांना कळले पाहिजे ना! १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याचा स्तूप उकरला, तेव्हा आतल्या पेटीत यज्ञ सातकर्णीचे असे एक चांदीचे नाणे मिळाले. सोपारा हे बंदर. तिथे हे नाणे सापडावे हे साहजिक आहे.

आता आपल्याकडे या. १९३९ साली मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळा या गावी, तेव्हाच्या अकोला आणि आताच्या वाशीम जिल्ह्यात, सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. सुमारे १,६०० नाणी. त्यांचे वाचन मिराशींनी केले आणि पुराणांतल्या याद्यांत ज्यांची नावे धड नव्हती, अशा काही राजांचा पत्ता त्यातून लागला. हीच ती गौतमीपुत्र, पुळुमावी, यज्ञ सातकर्णी वगैरे मंडळी. पण नाणी चांदीची नाहीत, पोटीनची आहेत. पोटीन म्हणजे तांबे, कथील, शिसे यांचा मिश्रधातू. आणि त्यांवर राजाचा चेहरा नाही. सोंड उंचावलेला हत्ती आहे, वर राजाचे नाव, मागे उज्जयिनी चिन्ह.

राजा एकच, पण किनाऱ्याकडे त्याचा चेहरा आणि विदर्भात हत्ती! असे का असावे? मला वाटते, उत्तर गिऱ्हाइकात आहे. पश्चिमेच्या बाजाराला रोमन आणि क्षत्रप नाण्यांनी चेहऱ्याची सवय लावली होती. तिथे बिनचेहऱ्याची चांदी घ्यायला व्यापारी कांकू करणार. विदर्भातला रोजचा व्यवहार लहान रकमांचा, हाटाचा, धान्याचा. इथल्या माणसाला राजाचे नाक कसे आहे याच्याशी कर्तव्य नव्हते. हत्ती ओळखीचा होता, तो पुरे होता. पुढे शिवरायांच्या नाण्यावरही चेहरा नाही, हे आठवा. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपती’ ही अक्षरेच राज्याची साक्ष देत होती.

पवनारच्या वाटेवर

क्षत्रप संपले मात्र नव्हते. नहपानाचे कुळ बुडाले, तरी शकांच्या दुसऱ्या घराण्याने गुजरात-माळव्यात पुढे दोन-अडीच शतके मुखवट्याची चांदीची नाणी काढली. या नाण्यांवर त्यांनी एक फार मोठी सोय केली. राजाचे नाव, त्याच्या बापाचे नाव, आणि मस्तकामागे बारीक आकड्यांत वर्ष. ते वर्ष शकाचे. आपल्या पंचांगात आणि लग्नपत्रिकेत ‘शके’ म्हणून जे येते, तेच. त्यामुळे या राजांचा क्रम आज आपल्याला जवळजवळ वर्षावर्षाने लावता येतो.

या घराण्याचा शेवट केला गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताने, इसवी सन ४०० च्या सुमारास. त्याने काय केले? तेच. तसेच लहान चांदीचे नाणे, तसाच मुखवटा, त्याच बिघडलेल्या ग्रीक रेघोट्या. फक्त मागे आपला गरुड बसवला. रोमच्या सम्राटाने चार शतकांपूर्वी चांदीवर बसवलेल्या चेहऱ्याचा दूरचा वंशज आता विष्णुभक्त राजाच्या टांकसाळीतून बाहेर पडत होता.

या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता विदर्भात दिली होती. वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन अकाली वारला, तेव्हा मुले लहान म्हणून तिने रामटेकजवळच्या नंदिवर्धनाहून, आजच्या नगरधनाहून, राज्य सांभाळले. तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन याने प्रवरपूर ही नवी राजधानी वसवली. ती म्हणजे धाम नदीवरचे आपले पवनार, असे मिराशींनी दाखवून दिले. काही अभ्यासक मनसरचाही दावा करतात. पवनारला १९६७ साली नागपूर विद्यापीठाने उत्खनन केले. विनोबांच्या परमधाम आश्रमात जमिनीतून वर आलेली वाकाटककालीन शिल्पे तर आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

आता प्रवरसेनाचे आजोळ बघा. आजोबा मुखवट्याच्या चांदीच्या नाण्यांचे मालक. पण नातवाच्या राज्यात तसे नाणे दिसत नाही. अलीकडच्या काळात वाकाटकांची म्हणून जी नाणी ओळखली गेली, ती लहान, तांब्याची आहेत. या घराण्याने आपली ओळख ठेवली ती ताम्रपटांवर. कोणते गाव कोणाला दिले, त्याच्या सीमा काय, कोणते कर माफ. राजाचे नाक कसे होते, ते आपल्याला कधीच कळणार नाही. त्याने दिलेल्या गावांची नावे मात्र कळतात.

शेतात सापडले तर

हे सगळे सांगण्यामागे एक हेतू आहे. जोगळटेंभीची नाणी कोणाच्या तरी कुदळीला लागली होती. तऱ्हाळ्याचीही तशीच. ती सोनाराकडे गेली असती तर नऊ हजार नाण्यांची किंमत वीस-बावीस किलो चांदी एवढीच झाली असती. गौतमी बलश्रीचे शब्द खरे की कौतुकाचे, यावर आपण अजून वाद घालत बसलो असतो.

आपल्या जिल्ह्यातही धाम, वर्धा, वेणा या नद्यांच्या काठी जुनी गावे आहेत, पांढरीची टेकाडे आहेत. विहीर खणताना, शेत नांगरताना मडके लागते. मग दोन गोष्टी होतात. एक तर ते गुपचूप वाटले जाते आणि मुशीत जाते. किंवा एखादा दलाल येतो आणि चांगली चांगली नाणी वेचून नेतो. दोन्हींत नुकसान एकच. एकट्या नाण्याला भाव असेल, पण कुठे, कशासोबत, कितीच्या संख्येने सापडले, हे तुटले की त्याची जीभ कापली जाते.

कायद्याची भीती हे लपवण्याचे मोठे कारण. ‘सरकार सगळे घेऊन जाईल’ अशी समजूत आहे. १८७८ चा निखात निधीचा कायदा नीट पाहिला, तर तो इतका कठोर नाही. दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचे गुप्तधन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचे. त्याचा जुना मालक कोणी सिद्ध झाला नाही, तर शोधणाऱ्याचा तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाचा एक चतुर्थांश, अशी वाटणी कायद्यातच आहे. सरकारला ते संग्रहालयासाठी हवे असेल, तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश देऊन घेता येते. कळवले नाही, तर मात्र हक्कही जातो आणि शिक्षाही होते.

म्हणून एवढेच सांगायचे. मडके लागले तर नाणी घासू नका, चिंचेने धुऊ नका. जागा लक्षात ठेवा आणि तहसील कचेरीत कळवा. आणि नागपूरला जाणे झाले, तर १८६३ पासून उभ्या असलेल्या मध्यवर्ती संग्रहालयात, आपल्या अजबबंगल्यात, मुलांना घेऊन तासभर थांबा. तिथली जुनी नाणी त्यांना दाखवा.

स्वातंत्र्यानंतर आपल्यापुढेही हाच प्रश्न आला होता. इंग्रज राजाचा चेहरा काढायचा, मग त्याजागी कोणाचा? गांधीजींचा, असा आधी विचार झाला, तशी चित्रेही तयार झाली. शेवटी कौल पडला सारनाथच्या सिंहांना. गांधीजी नोटेवर आले ते १९६९ मध्ये, सेवाग्रामच्या कुटीसह, आणि १९९६ पासून कायमचे. ऑगस्टसपासून विक्टोरियापर्यंत नाण्यावरचा प्रत्येक चेहरा ‘हे माझे आहे’ असे सांगत होता. ज्याच्या नावावर स्वतःचे घर नव्हते, अशा माणसाचा चेहरा आज आपल्या नोटेवर आहे. पुढच्या वेळी भाजीवाल्याला नोट देताना आकडा बघाच, पण क्षणभर चेहराही बघा.